आभार वारलू यांनी मानले

आलापल्ली, ९ एप्रिल १९९७

ही रोजनिशी लाकडाच्या डेपोवाल्याने जानेवारीत फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी सागाच्या घनफुटांचे कोष्टक छापले आहे, म्हणजे मनातले लिहायला अगदी योग्य वही. तीन महिने कोरी होती. आज कमला म्हणाली, "साऱ्या जिल्ह्याचं लिहिता, एखादं पान घरचंही लिहा." बायकोचा शब्द प्रमाण मानून बसलो आहे.

आज येरमाटोल्याला पोलिसांचा जनजागरण मेळावा होता. गावाअलीकडच्या नाल्यात माझी लुना रेतीत रुतली. वारलू नावाचा एक शेतकरी तिथे बैल धूत होता. त्याने लुना एकट्याने उचलून पलीकडे ठेवली, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी पाजले आणि पुन्हा बैलांकडे गेला. मेळाव्याला येतोस का विचारले, तर म्हणाला, "बैल कोन धुवन?" याहून चोख उत्तर मी पाठशाळेत गुरुजींनाही दिले नव्हते.

ठाणेदारांनी चाळीस मिनिटे भाषण केले. एवढे लांब समास मी काव्यतीर्थाच्या परीक्षेतही पाहिले नव्हते. मग निळ्या बादल्या वाटल्या, गावाला एक व्हॉलीबॉल दिला, जाळी आणायची राहिली. बादल्या मिळताच लोक निघून गेले. आभार मानायला कोणी उरलेच नाही.

पण नाटकाला भरतवाक्य आणि बातमीला आभारप्रदर्शन हवेच. नसले तर नागपूरचा उपसंपादक पाकीट उलटे पाठवतो. पुढच्या रांगेत सुकलू आणि दसरू बसले होते, त्यांना 'प्रामुख्याने उपस्थित' केले. आभाराची ओळ वारलूला देऊन टाकली. लुनेचे ऋण फिटले. गरिबाचे नाव छापून आले की तो चार दिवस जरा ताठ चालतो.

पाकीट संध्याकाळच्या एस.टी.ने गेले.

१३ एप्रिल

बातमी आली, आठव्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली. एक शब्दही कापलेला नाही. शेवटची ओळ: आभार वारलू यांनी मानले. येरमाटोल्याच्या मास्तरांबरोबर दोन अंक जास्तीचे पाठवले.

१६ एप्रिल

आज बाजारात वारलू शोधत आला. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात चारोळी. मला वाटले, आभारांचे आभार मानायला आला.

"भाऊ, ते कागदात माहं नाव तुमीच देल्लं का जी?"

"मीच दिलं. आवडलं?"

"मी तं तिथी नोतोच."

"मनाने होतास."

तो हसला नाही. माझे विनोद संस्कृत वळणाचे असतात, त्यांना वेळ लागतो. माझ्या चपलांकडे पाहत म्हणाला,

"ते परत घेता येते का?"

मी म्हटले, अरे, छापलेले परत घ्यायचे म्हणजे गळालेली मोहफुले पुन्हा फांदीला चिकटवायची. "बरं," म्हणाला. द्रोण माझ्या हातात दिला आणि गेला.

विनय हा गुण आता या अरण्यातच उरला आहे. कमलेने चारोळीची खीर केली.

२४ एप्रिल

वारलूला मारले.

पहाटे मास्तर सायकलवर आले, त्यांना बोलता येत नव्हते. येरमाटोल्याच्या अलीकडच्या वळणावर मोहाच्या झाडाखाली तो पडला होता. हात पाठीमागे दोरीने बांधलेले, गुडघे मोडून बसवले असावे आणि मग तो पुढे पडला असावा. मानेवर कुऱ्हाडीचा घाव, एकच. दुसऱ्याची गरज पडली नव्हती. झाडाच्या बुंध्यावर माणसाच्या उंचीपर्यंत रक्त उडाले होते आणि त्याच्यावर मुंग्यांची ओळ लागली होती. एक डोळा उघडा होता.

पाठीवर नक्षलवाद्यांचे लाल शाईचे पत्रक: 'पोलिसांच्या खबऱ्याला जनतेने दिलेली शिक्षा.' 'शिक्षा'तला 'शि' दीर्घ लिहिला होता. ते माझ्या डोळ्यांना आधी दिसले याची शरम वाटली. पत्रकासोबत आमच्या अंकाचे कात्रण बांबूच्या काडीने टोचलेले होते. बिचाऱ्याने जपून जवळ ठेवले असेल.

त्याची बायको बुधरी दहा हातांवर बसली होती. रडत नव्हती. गाव शेताच्या धुऱ्यावर उभे, जवळ कोणी येईना. सुरुंगाच्या भीतीने पोलीस पायी आले, त्यांना दुपार झाली. प्रेत बांबूला बांधून नेले. डोके एका बाजूला लोंबत होते. ते कोणीतरी धरावे असे मला वाटत होते, आणि तसे वाटत वाटत मी मागून चालत राहिलो.

बातमी पाठवली: खबरी असल्याच्या संशयावरून इसमाची हत्या. असेल बुवा खबरी. माणसाच्या पोटात काय असते कोणाला ठाऊक.

२७ एप्रिल

सकाळी येरमाटोल्याला गेलो. पोलीस आधीच पोचले होते. जिथे मेळाव्याचा मंडप होता त्याच जागी सगळ्या पुरुषांना उन्हात उकिडवे बसवले होते. रात्री कोण आले होते, एवढे एकच विचारत होते. कोणी बोलेना. मग एकेकाला पालथे पाडून तळव्यांवर वेताच्या काठीने मारायला सुरुवात झाली. काठीचा आवाज आणि मग माणसाचा, काठीचा आणि मग माणसाचा. सुकलूने पहिले पंधरा फटके आवाज काढला नाही. नंतर तो जे ओरडला ते कुठल्याच भाषेतले नव्हते. शुद्ध हरपली तेव्हा त्याच्या तोंडावर पाणी मारले. बादली निळी होती.

ठाणेदार माझ्याकडे येऊन म्हणाले, "शास्त्रीबुवा, हे काही छापायचं नसतं, तुम्ही समजदार आहात." समजदार हे विशेषण मला अनेकदा लागले आहे. आज पहिल्यांदा रुतले.

पोलीस गेल्यावर सुकलूजवळ बसलो. तळवे सुजून पाव झाले होते, एके ठिकाणी फुटलेलेही. बुधरी त्यांवर हळद लावत होती.

मी म्हटले, "सांगून टाकायचं होतंस कोण आले ते."

"सांगतलं तं ते मारतील. नाई सांगतलं तं हे मारतात. हे तं निस्ते तळवेच फोडतात, भाऊ."

येताना वळणावरून आलो होतो. या भागात वाघाने माणूस मारला की त्या जागी येणारा-जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवतो. ओळखीचा असो नसो. काही जागी असे ढीग कमरेएवढे झालेले मी पाहिले आहेत. मोहाखाली एकही दगड नव्हता. का, म्हणून विचारले.

"ठेवला तं इच्यारतील ना, हा त्याचा कोन लागते म्हून," सुकलू म्हणाला. "तसाबी आता माहाच नंबर हाये. वरून दगड कायले?"

"तुझा का नंबर?"

त्याने माझ्याकडे जसे पाहिले तसे मंदबुद्धी विद्यार्थ्याकडे गुरुजीही पाहत नसत.

"कागदात तीन नावं होते ना जी. वारलू, मी, दसरू. ते कागद त्याइनं त्या राती मोहाखाली वाचून दाखवलं, साऱ्याइसमोर. पोलिसाचे आभार मानले म्हने यानं. वारलू सांगे, मी नोतोच, मी बैल धुवून राह्यलो होतो. कोन आयकते? छापून हाये म्हने."

बुधरी हळद लावत राहिली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. तिला आधीपासून माहीत होते.

लुना सुरू होईना. पेडल मारून घामाघूम झालो. पेट्रोलची कळ बंद होती.

२८ एप्रिल

अंक काढून पुन्हा वाचला. बातमी अडुसष्ट शब्दांची. त्यांतले शेवटचे चार नसते तर.

खीर मी दोन वाट्या खाल्ली होती.

२ मे

चार दिवस घराबाहेर पडलो नाही. मला ताप आहे असे कमलेला सांगितले, तिने कपाळाला हात लावून पाहिला. नागपूरहून घटनास्थळाचा फोटो मागितला आहे, म्हणून आज वळणावर जावे लागले.

ऊन पांढरे झाले होते. मोहाच्या बुंध्यावरचे रक्त आता खोडाच्याच रंगाचे दिसते, पण गवत अजून मोडलेले आहे. फोटो काढला नाही. सावलीच्या कडेला बसून राहिलो.

रस्त्याने एक बांगडीवाली आली. मुसलमान बाई, साठीच्या पुढची, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, डोक्यावर टोपली. पुढच्या गावी लग्न आहे, तिथे निघाली होती. मोडलेले गवत आणि खोड पाहून थबकली.

"वाघानं नेलं का कोनाले इथी?"

माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने टोपली उतरवली, रस्त्याकडचा मुठीएवढा दगड उचलला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि मोहाखाली ठेवला. ओठांत काहीतरी पुटपुटली.

मी म्हटले, "बाई, वाघ नव्हता."

"मंग? अस्वल?"

"माणसं होती."

तिने वाकून आपला दगड परत उचलला. खरे लिहितो, मला बरे वाटले. एवढ्या दिवसांत माझ्या बरोबरीचे कोणीतरी भेटले. तिने तो दगड रस्त्याकडच्या खंतीत, म्हणजे चरात, फेकला, नाल्यात उतरली, आणि बऱ्याच वेळाने वर आली ती घागरीएवढा धोंडा पोटाशी धरून. तोंड लालबुंद झाले होते, बूट चिखलाने भरले होते. तो धोंडा तिने मोहाखाली टाकला, पायाने नीट बसवला आणि हात झटकले.

"वाघाचं काम असतं तं लहान चालला असता," ती म्हणाली. "वाघाले भूक तरी असते."

मी विचारले, "ओळखत होतात त्याला?"

"नाई बा. तुमी?"

मी लुनेकडे पाहू लागलो.

"नाव काय होतं?"

"वारलू." हे नाव मी तो मेल्यापासून तोंडाने उच्चारले नव्हते, फक्त लिहिले होते.

"वारलू," ती म्हणाली, जणू गिऱ्हाईकाच्या मनगटाचे माप लक्षात ठेवत होती.

मी म्हटले, "बाई, लोक पाहतील. इथे दगड ठेवायला सगळे भितात. कोणी ठेवला म्हणून विचारतील."

"इच्यारू द्या ना. सांगीन, मी ठेवला. मीनंच ठेवला ना?"

मग तिने टोपली डोक्यावर द्यायला सांगितले. टोपली कलती झाली, बांगड्या किणकिणल्या. लुनेच्या मागे 'प्रेस' लिहिलेले तिने केव्हाच पाहिले असावे, कारण म्हणाली, "हळू, बाबूजी. काच हाये. पेपर नाई, पडली तं फुटते."

आणि गेली. पुढच्या वळणापर्यंत बुटांचा फच्फच् आवाज येत होता. तिचे नाव मी विचारले नाही. पंधरा वर्षांच्या वार्ताहरकीत भेटलेल्या माणसाचे नाव न विचारण्याची ही पहिलीच वेळ.

मी दगड ठेवला नाही. हात रिकामेच होते, तरी.

४ मे

नागपूरला फोन केला. म्हटले, शुद्धिपत्रक छापा: येरमाटोल्याच्या मेळाव्यात आभार कोणीही मानले नव्हते, वारलू मेळाव्याला हजर नव्हता, सुकलू व दसरू केवळ बसले होते, ती वाक्ये वार्ताहराने मनाने लिहिली.

उपसंपादक आधी हसला. मग म्हणाला, "शास्त्री, ऊन लागलं काय? अशी आभाराची ओळ रोज तीस बातम्यांत असते. सगळ्यांचं शुद्धिपत्रक काढू? आणि हे छापलं तर तो माणूस आपल्या पेपरमुळे मेला असं होईल."

"असंच झालं आहे."

त्याने फोन ठेवला.

मास्तरांकडून कळले की काल दसरूच्या दारावर चिठ्ठी लावून गेले. गाव सोडायला आठ दिवसांची मुदत. दसरूला वाचता येत नाही, त्याने ती मास्तरांकडून वाचून घेतली आणि मग घरी जाऊन जेवला म्हणे.

सुकलूला चालताच येत नाही, त्याला मुदत कशाला देतील.

७ मे

तेंदूपत्त्याचा हंगाम लागला आहे. येरमाटोल्याच्या फळीवर, म्हणजे जिथे सारे गाव पानांच्या जुड्या आणून मांडते तिथे, जंगलातले लोक एक-दोन दिवसांआड येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाणेदारांनाही. पेपर छापत नसेल तर तोंड आहे.

कमलेला सारे सांगितले. चारोळीसकट. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं, देताना तो काही मागत असणार."

"काय मागत होता ते त्याने सांगितलंही होतं. मी उपमा दिली."

"उद्या जाणार?"

"उद्या."

"डबा देते. त्यांच्यासमोर तरी उपमा देऊ नका."

१२ मे

डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर पहिलीतल्या पोरासारखे. म्हणून थोडक्यात.

आठ तारखेला फळीवर गेलो. गाव होते, पाने पसरलेली होती. दहाच्या सुमारास ते आले. पाच जण, त्यांत दोन मुली. बंदुका होत्या. पुढारी बारकासा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी उभा राहिलो आणि मी कोण ते सांगितले. खिशातला अंक काढून ती ओळ वाचली आणि म्हणालो, हे खोटे आहे, हे मी लिहिले.

पुढाऱ्याने विचारले, "मंग आभार कोन मानले?"

"कोणी नाही."

"वारलू कुठी होता?"

"नाल्यावर. बैल धूत होता. माझी रुतलेली गाडी त्याने काढून दिली."

"मंग लिवलं काऊन?"

"पद्धत आहे. कार्यक्रमाची बातमी आभारावर संपवतात."

कोणीतरी हसले. बहुधा त्या मुलींपैकी एक. पुढाऱ्याने वळून पाहिल्यावर थांबली.

"पद्धत," तो म्हणाला. "तो सांगून राह्यला होता, मी नोतो म्हून. तवा तू कुठी होतास?"

वीस वर्षे अमरकोश पाठ आहे, एक शब्द आला नाही.

तेव्हा बुधरी पुढे आली. डोक्यावरचा जुड्यांचा भारा तिने खाली ठेवला नव्हता. म्हणाली, "यानंबी त्याले नाई इच्यारलं, अन् तुमीनंबी नाई इच्यारलं." एवढेच, आणि पाने मांडायला गेली.

पुढाऱ्याने चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाला, "ज्या हातानं लिवलं तो ठेव."

पाने उडू नयेत म्हणून ठेवायचा सपाट दगड होता, त्यावर ठेवला. बंदुकीचा दस्ता तीनदा. पहिल्यांदा बोटे, आवाज ओला बांबू चिरल्यासारखा. दुसऱ्यांदा मनगट. तिसऱ्यांदा कुठे ते कळले नाही, मी ओकत होतो. करंगळीचे हाड बाहेर आले होते. माझी आहे असे वाटेना.

पुढारी सरळ झाला. गर्दीकडे पाहून म्हणाला, "सुकलू कोन? दसरू कोन?" दोघे उभे राहिले, सुकलू काठीच्या आधाराने. सगळ्या फळीवर पानांचा आवाजसुद्धा बंद झाला. त्याने आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे पाहिले.

"जा. जुड्या मांडा."

दोघे गेले, मांडू लागले. ते पाचही जण झाडीत गेले. वारलूबद्दल कोणी काही बोलले नाही.

मला लुनेवर मागे बसवून सुकलूने आणले. त्याला लुना येत नाही आणि फुटलेले तळवे जमिनीला टेकवता येत नाहीत. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा खंतीत पडल्यापडल्या म्हणाला, "भाऊ, हे बातमी लिवू नका बरं."

"हात कुठे आहे?" मी म्हटले.

तो हसला. मग रडला. मग लुना उभी केली.

१५ मे

पेपरला राजीनामा. लिहिला कमलेने, सही डाव्या हाताची, त्यामुळे ती खरी वाटणार नाही. कमला म्हणते, "डाव्या हातानं आता कमी तरी लिहाल."

दसरूची मुदत संपून चार दिवस झाले. आज तो बाजारात दिसला. मिरच्या विकत घेत होता. मला पाहून मान वळवली. वळवू दे. मान आहे.

२५ मे

हाताला प्लास्टर आहे. दोन बोटे वाकणार नाहीत असे डॉक्टर म्हणतात. एस.टी.ने वळणावर उतरलो. कंडक्टर म्हणाला, इथे कशाला उतरता, इथे काही नाही.

मोहाखाली ढीग झाला आहे. गुडघ्याएवढा. सगळ्यात खालचा धोंडा आता दिसत नाही, पण बाकीचे त्याच्यावरच बसले आहेत. बांगडीवालीला कोणी विचारले का, तिने काय सांगितले, मला कधी कळणार नाही. सांगितले असेल.

नाल्यात उतरलो. एका हाताला झेपेल एवढाच दगड मिळाला. ओल्या रेतीवरून वर येताना घसरलो, प्लास्टर आपटले, डोळ्यांपुढे अंधारी आली. दगड सोडला नाही. वर येऊन ठेवला.

बुधरी बैल घेऊन नाल्याकडे चालली होती. तेच बैल. थांबली, मी ठेवलेला दगड पाहिला. वाकून तो जरा आत सरकवला, घसरत होता म्हणून. आणि गेली.

सवय जात नाही म्हणून एवढे लिहून ठेवतो. येरमाटोल्याच्या वळणावर वारलूसाठी दगड ठेवण्यात आले. ठेवणाऱ्यांतले बरेच जण मला माहीत आहेत. त्यांची नावे लिहीत नाही. भाषण झाले नाही. आभार कोणीही मानले नाहीत.